‘सबवूफर कुठेही ठेवा, माइक बघून घेईल’ हे खरं नाही

घरी स्टीरिओ जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. थोडक्यात असा: खालच्या आवाजाला दिशा नसते, म्हणून सबवूफर (फक्त सर्वांत खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) जागा मिळेल तिथे ठेवा, रिसिव्हरबरोबर (स्पीकर आणि सबवूफर दोन्ही सांभाळणाऱ्या यंत्राबरोबर) आलेला माइक लावून रूम करेक्शन, म्हणजे खोलीतला आवाज मोजून दुरुस्त करणारी सोय, एकदा चालवा, सबवूफरचं अंतर चुकीचं दाखवलं तर टेपने मोजून बरोबर आकडा टाका, मुख्य स्पीकर दणकट असतील तर ते रिसिव्हरमध्ये ‘लार्ज’ (खालच्या सुरांसकट सगळं वाजवणारे) ठेवा, आणि कुठला सूर किती जोरात हे दाखवणारा ग्राफ सपाट आला की झालं काम. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्यासारखं नाही. असा बसवलेला सबवूफर घुमतो तरी किंवा जाणवतच नाही, आणि मग ‘गाण्याला सबवूफर मानवत नाही’ असं म्हणत चांगला सबवूफर विकायला निघतो. याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी दिशेचा मुद्दा. 80 हर्ट्झच्या खालचा सूर कुठून येतोय हे घरच्या खोलीत कानाला सहसा कळत नाही, इथपर्यंत खरं. पण दिशा कळत नाही म्हणून जागेने फरक पडत नाही, हा निष्कर्ष कुठून आला? 40 हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या वर जाते. आपल्या हॉलपेक्षा लाट मोठी, त्यामुळे ती समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकते. हॉल 15 फूट लांब धरा. त्या लांबीत पहिला अनुनाद, म्हणजे भिंतींमध्ये अडकून फुगणारा सूर, साधारण 38 हर्ट्झला येतो, दुसरा 76 ला. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल (आणि आपल्याकडे तो असतोच), तर हे दोन्ही सूर तिथे फुगून ऐकू येतात. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात, तर 38 जवळजवळ गायब आणि 76 जोरात. सबवूफर कुठल्या भिंतीशी, कुठल्या कोपऱ्यात आहे यावर यातला कुठला सूर किती चेतवला जाईल हे ठरतं.

त्यात हा सल्ला बहुतेक वेळा अमेरिकन व्हिडिओंमधून उचललेला असतो. तिकडच्या लाकडी सांगाड्याच्या, जिप्सम बोर्डाच्या भिंती खालच्या आवाजाबरोबर थोड्या हलतात आणि त्यातली काही ऊर्जा खातात. आपल्याकडे आरसीसी आणि विटांच्या भिंती, खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर स्लॅब. इथे खर्ज बाहेर पडत नाही आणि मुरतही नाही, त्यामुळे जागेची निवड आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त भोवते.

जागा शोधायची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा. खर्जात वरखाली फिरणारं काहीतरी लावा; तबल्याच्या डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड यासाठी फार छान. मग सबवूफर ठेवता येईल अशा प्रत्येक जागी गुडघ्यांवर बसून कान जमिनीजवळ न्या. जिथे मींड मध्येच न फुगता, मध्येच न बुडता एकसारखी सरकते, ती जागा. आवाजाचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचं उत्तर तेच राहतं, म्हणून ही पद्धत चालते.

‘बाकी माइक बघून घेईल.’ काही गोष्टी माइक खरंच बघून घेतो, आणि त्या थोड्या नाहीत. जिथे सूर फुगतो तिथे करेक्शन तो खाली आणतं, आणि त्याबरोबर त्या जागी त्याचं रेंगाळणंही कमी होतं. साधारण 200 ते 300 हर्ट्झच्या खाली खोलीचीच सत्ता चालते, त्यामुळे तिथे रूम करेक्शनइतकं मोलाचं दुसरं साधन क्वचितच मिळेल. अडचण आहे ती खड्ड्यांची, म्हणजे जिथे सूर दबतो त्या जागांची. दोन लाटा एकमेकींना मारत असतील तर तिथे आवाज वाढवून काही मिळत नाही, कारण जितकी सरळ लाट वाढते तितकीच परतलेलीही वाढते. वर 10 डेसिबल वाढवायचे म्हणजे ॲम्प्लिफायरला त्या सुरावर दहापट वॉट लागतात. खड्डा तसाच, आणि सबवूफरचा दम संपलेला. खड्डा भरतो तो सबवूफर किंवा सोफा हलवून, नाहीतर दुसरा सबवूफर आणून. हरमन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये एकाहून अधिक सबवूफरवर जे काम मांडलं, त्याचा रोख हाच होता की आधी जागांनी खोली शांत करा.

आता अंतर. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही काळजीपूर्वक काम करणाऱ्यांच्या हातून. ठाण्यातल्या एका मित्राच्या हॉलमध्ये हे मी जवळून पाहिलं. सबवूफर सोफ्यापासून टेपने 9 फूट. करेक्शन झाल्यावर रिसिव्हर दाखवतो 16 फूट. त्याने ‘मशीन चुकलं’ म्हणून 9 टाकलं आणि खर्ज पार पातळ झाला.

मशीन चुकलं नव्हतं. रिसिव्हरमध्ये ‘अंतर’ असं लिहिलेलं असलं तरी तो आकडा वेळेचा असतो. सबवूफरच्या पोटात डीएसपी (सिग्नलवर प्रक्रिया करणारी चिप) आणि फिल्टर असतात आणि त्यांतून जाताना सिग्नलला काही मिलिसेकंद लागतात. माइकला तो उशीर कळतो, आणि रिसिव्हर तो फुटांत मांडतो: सबवूफर 7 फूट अधिक लांब आहे असं समजून मुख्य स्पीकरना तेवढं थांबवतो. ते 7 फूट पुसले की सबवूफर सुमारे 6 मिलिसेकंद मागे पडतो. 80 हर्ट्झचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचं, म्हणजे अर्धं आवर्तन गेलं. बरोबर क्रॉसओव्हरवर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यात वाटणी होते त्याच सुरावर, स्पीकर पुढे ढकलतोय आणि सबवूफर मागे ओढतोय.

तरीही माइकचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. बऱ्याच साध्या करेक्शनमध्ये आवाज पहिल्यांदा कधी पोचला एवढंच बघितलं जातं. क्रॉसओव्हरच्या फिल्टरमुळे आणि स्पीकरच्या स्वतःच्या उतारामुळे (खालच्या सुरांत त्याचा आवाज कमी होत जातो) फेज, म्हणजे लाटेची आवर्तनातली जागा, किती फिरली हे बघितलं जात नाही. डिराक लाइव्ह या करेक्शन सॉफ्टवेअरचं बास कंट्रोल हे काम करतं, पण ते सगळ्यांकडे नसतं. हाताने करायचं तर रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि यूमिक-1 सारखा यूएसबी माइक पुरतो. माइक कानाच्या उंचीवर ठेवा. आमच्या त्या मित्राकडे आधी 16 परत टाकलं, मग सबवूफरचा फेज मुद्दाम 180 वर फिरवला आणि अंतर अर्ध्या-अर्ध्या फुटाने बदलत प्रत्येक वेळी स्पीकर आणि सबवूफर एकत्र मोजले. 80 च्या आसपासचा खड्डा सर्वांत खोल झाला तिथे थांबलो आणि फेज परत शून्यावर आणला. उलट्या फेजला जिथे सर्वांत जास्त वजाबाकी, तिथेच सुलट्या फेजला सर्वांत जास्त बेरीज. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळे तपासा, कारण आपल्या हॉलमध्ये एका बाजूला भिंत असते आणि दुसऱ्या बाजूला बाल्कनीचं दार किंवा पॅसेज.

‘मोठे स्पीकर लार्ज ठेवा’ यामागे स्पीकरबद्दलचा अभिमान असतो, तो मी समजू शकतो. पण ‘स्मॉल’ म्हणजे स्पीकरची लायकी काढणं नव्हे. खालचा भाग सबवूफरकडे पाठवा एवढीच ती सूचना आहे. लार्ज ठेवून तोच खर्ज सबवूफरलाही पाठवला, तर तो तीन ठिकाणांहून येतो आणि वरची सगळी जुळवाजुळव विस्कटते. 80 ला कापलं तर मुख्य वूफरचा मोठा हेलकावा वाचतो आणि मधला आवाज, गळा, सतार, सगळं मोकळं होतं. तुमच्याकडे रिसिव्हर नसून हाय पास (खालचे सूर अडवणारी गाळणी) नसलेला स्टीरिओ ॲम्प्लिफायर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्पीकर पूर्णच वाजणार, आणि सबवूफरचा लो पास (वरचे सूर अडवणारी गाळणी) त्यांच्या नैसर्गिक उतारापाशी, बऱ्याचदा 50 च्या जवळ, हलक्या हाताने जोडावा लागतो. रिसिव्हर असेल तर मात्र सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर किंवा ‘एलएफई’ वर (सबवूफरची स्वतःची गाळणी बंद करणाऱ्या खुणेवर) हवं, नाहीतर एकाच सिग्नलला दोनदा गाळणी लागते.

सपाट ग्राफबद्दल एवढंच: आवाज कमी असताना कान खर्जाला बहिरट होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवलं. घरात आपण शेजाऱ्यांचा विचार करून ऐकतो, त्यामुळे खालचा भाग काही डेसिबल वर ठेवलेला उतरता ग्राफच कानाला समतोल वाटतो. टार्गेट कर्व्ह (करेक्शनने गाठायचा ग्राफ) हाताने बदलू देणारं करेक्शन असेल तर ती सोय वापराच.

‘एवढी खटपट कोण करणार’ असंही विचारलं जातं. एका रविवारचं काम आहे. क्रम मात्र हाच ठेवा: आधी जागा, मग सबवूफरचा गेन (त्याच्यावरचं आवाजाचं बटण) असा की रिसिव्हरमधला त्याचा ट्रिम (आवाजाची कमीजास्ती) टोकाला जाणार नाही, मग करेक्शन, आणि शेवटी अंतराची बारीक जुळणी. जुळणी झाल्यावर आकडे लिहून ठेवा, कारण करेक्शन पुन्हा चालवलं की हाताने टाकलेलं अंतर पुसलं जातं.