‘चार आठवड्यांत पिल्लं बाहेर?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘ब्रूडरमधून खुराड्यात’ (ब्रूडर म्हणजे कोंबडीची पिल्लं बल्बच्या उबेत ठेवायची बंदिस्त जागा) या माझ्या एप्रिलमधल्या लेखावर ‘अंडीवाला पुणेकर’ या नावाने एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. लेखाखाली ती आहेच, पण ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार आठवड्यांची पिल्लं बाहेरच्या खुराड्यात हलवा असं सांगणं हा बेजबाबदारपणा आहे, हैदराबादचं कुक्कुट संशोधन संचालनालय वनराजा जातीच्या पिल्लांसाठी सहा आठवडे सांगतं. जाळी एक इंचाची सांगितली, ती चूक. लसीकरणावर एक अक्षर नाही. मोठ्या कोंबड्यांत पिल्लं कशी मिसळायची तेही नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘तुमच्यासारखे लोक आजीच्या गोष्टी सांगतात आणि पिल्लं मात्र दुसऱ्याची मरतात.’

उत्तराला उशीर झाला, कारण आल्याची लागण चालू होती. कोरेगाव तालुक्यात त्या दिवसांत माणसाला जेवायला सवड नसते, टायपायला कुठून असणार.

आधी जाळीचं. ते तुमचं बरोबर आहे. एक इंचाच्या जाळीतून उंदीर सहज आत येतो, धामणीचं पिल्लूही येतं. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाची वेल्डमेश हवी आणि ती जमिनीत वीतभर पुरलेली हवी, नाहीतर मुंगूस खालून उकरतं. मूळ लेखात तसा बदल केला आहे. आभारी आहे.

आता ‘तुमच्यासारखे लोक’. साहेब, माझ्यासारखे म्हणजे कोणासारखे? तुमची माझी ओळख नाही. तुम्ही माझ्या अंगणात आला नाहीत, मी तुमच्या गच्चीवर आलो नाही. (गच्ची म्हटलं, कारण तुम्हीच खाली दुसऱ्या एका वाचकाला तुमच्या गच्चीवरच्या आठ कोंबड्यांबद्दल सांगितलं आहे. पाळा, आनंदाने पाळा.) पण अनोळखी माणसाशी बोलायची आमच्याकडे एक रीत आहे. रहिमतपूरच्या बाजारात अंड्याचा भाव पाडून मागणारं गिऱ्हाईकसुद्धा आधी ‘मावशी’ म्हणतं, मग भांडतं. लेख चुकला असेल तर लेख चुकला म्हणा. माझ्या आजीला मध्ये आणायचं कारण नव्हतं.

आणलीच आहे तर ऐका. आजीने आयुष्यात थर्मामीटर फक्त दवाखान्यात पाहिला. खुडूक कोंबडी कोणती, ती बसून राहील की दोन दिवसांत उठेल, हे ती कोंबडीच्या पोटाखाली हात घालून सांगायची. पाटीत भाताचा तूस, त्यावर अंडी, त्यावर कोंबडी. मधल्या दिवसांत अंडं कंदिलासमोर धरून गंधं अंडं बाजूला काढायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की तांदळाची कणी, आणि चार दिवसांत आई पिल्लं घेऊन उकिरड्यावर. रात्री डालग्याखाली. घार, मांजर, मानमोडीचा रोग, सगळं सोसून तिच्या कोंबड्यांनी आम्हा भावंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च काढला. याला तुम्ही ‘गोष्टी’ म्हणता.

तुम्ही म्हणाल, तिथे आईचे पंख होते. होते ना. म्हणूनच लेखात रात्रीचा बल्ब लिहिला होता! खुराड्यात पहिला आठवडा एका कोपऱ्याला बल्ब लावून ठेवा, ज्याला ऊब हवी ते पिल्लू जाईल, नको असेल ते लांब झोपेल. हे वाक्य तुमच्या वाचनात आलं नाही असं दिसतं. त्याच्या वरच्या तीन अटीही आल्या नाहीत. पाठीवर आणि पंखाखाली लव उरलेली नसावी; ब्रूडरमध्येच बल्ब बंद ठेवून पिल्लं रात्रभर स्वस्थ झोपलेली पाहिलेली असावीत; आणि बाहेर रात्रीचा पारा विसाच्या खाली जात नसावा. मी ‘चार आठवडे’ हा आकडा या तीन अटींनंतर लिहिला आहे. तुम्ही आकडा उचललात आणि अटी तिथेच टाकल्यात.

आता तुमचं शास्त्रच घेऊ. पशुसंवर्धन खात्याच्या कुठल्याही माहितीपत्रकात जे लिहिलेलं असतं तेच सांगतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइट कमी करायची. दुसऱ्या आठवड्यात ९०, तिसऱ्यात ८५, चौथ्यात ८०. चार आठवडे पुरे करून पिल्लू पाचव्यात गेलं की ७५, म्हणजे साधारण २४ अंश सेल्सिअस. एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे पहाटे पारा बावीस-तेविसाच्या आसपास असतो. पिसं भरलेलं पिल्लू, चार भिंती, खाली तूस, कोपऱ्यात बल्ब. सांगा, यात थंडी कुठून आली? दुपारी तर उलट चिंता असते. पत्र्याखालच्या ब्रूडरमध्ये दुपारी दोनला पिल्लं चोच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून लांब धरतात. अशा वेळी त्यांना ‘अजून दोन आठवडे सुरक्षित ठेवा’ म्हणणाऱ्याने एकदा त्या पत्र्याखाली बसून पाहावं.

आणि हेच गणित डिसेंबरात लावा. पहाटे दहा-बारा अंश. तेव्हा तुमचे सहा आठवडेही पुरत नाहीत. सहा आठवडे झाले, पुस्तकात आहे, म्हणून पिल्लं बाहेर टाकली आणि सकाळी कोपऱ्यात ढीग, हे आमच्या पंचक्रोशीत घडलेलं आहे. कॅलेंडर बघून पिल्लं हलवणाऱ्याची पिल्लं मरतात, आजीचं ऐकणाऱ्याची नव्हे. हैदराबादच्या लोकांचा सहा आठवड्यांचा सल्ला देशभरासाठी आहे, काश्मीरपासून केरळपर्यंत, सगळ्या ऋतूंसाठी. त्यांनी तो मोघम ठेवला यात त्यांची चूक नाही. कोरेगावचा एप्रिल ओळखायचं काम कोरेगावकराचं.

ढिगाचं निघालंच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत ज्या मरणाची भीती आहे ते बहुतेक वेळा असं येतं. नव्या जागेत पहिल्या रात्री अंधार पडला की पिल्लं घाबरतात आणि एका कोपऱ्यात शिरतात. मागचं पुढच्याच्या पाठीवर चढतं, त्याच्यावर तिसरं. खालची गुदमरतात. थंडी नसतानाही गुदमरतात. सकाळी वरची पिल्लं ठणठणीत आणि तळाशी चार चपटी पडलेली. लोक म्हणतात, गारठ्याने मेली. म्हणून खुराड्याचे चारही कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करायचे. पिल्लं सकाळी हलवायची, संध्याकाळी कधीही नाही, म्हणजे उजेडात त्यांना पाणी कुठे, दाणा कुठे ते कळतं. पहिल्या रात्री मंद दिवा. आणि दिवेलागणीनंतर घटकाभराने बॅटरी घेऊन एक फेरी मारायची. ढीग दिसला की हाताने अलगद पसरवायचा. पुन्हा चढतील, पुन्हा पसरवायचा. वीज गेली तर ती फेरी चुकवायची नाही. ब्रूडरच्या जुन्या गादीतला पाटीभर कोरडा तूस नव्या खुराड्यात टाकला तर वास ओळखीचा राहतो आणि पिल्लं लवकर निवतात.

पहिले चार-पाच दिवस दार उघडायचं नाही, हेही लेखात होतं. घर कोणतं ते डोक्यात बसलं की मग संध्याकाळी आपसूक परततात.

दुसरी बाजूही बघा. चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला अर्धा चौरस फूट जागा पुरते, त्यानंतर एक लागते. घरगुती माणसाचा ब्रूडर म्हणजे पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल, तो काही आपोआप वाढत नाही. दाटी झाली की टोचाटोची सुरू होते. एकाच्या शेपटीशी रक्त दिसलं की सगळी त्याच्यावर. भांड्यातलं पाणी सांडून तूस ओला होतो, सकाळी झाकण काढलं की अमोनियाने डोळे चुरचुरतात, आणि ओल्या गादीत रक्ती हगवण येते. तिचा जोरही नेमका तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. तेव्हा आत ठेवणं म्हणजे सुरक्षित आणि बाहेर काढणं म्हणजे बेजबाबदार, इतकं सरळ ते नाही. तुमच्या गच्चीवर जागा असेल. ज्याने शंभर पिल्लं घेतली आणि ज्याच्याकडे एकच पडवी आहे, त्याने काय करावं ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

राहिलं लसीकरण. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, तिथे लिहीन. पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीची लस) आणि दुसऱ्यात गंबोरो रोगाची लस हे पिल्लं पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं असं मी धरून चालतो. नसेल माहीत तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. सगळं एकाच लेखात कोंबायचं तर मग पुस्तकच छापतो.

मोठ्या कोंबड्यांत मिसळण्याबद्दल: मध्ये जाळी लावून दोन आठवडे शेजारी ठेवा, पुढे जमतं. एवढंच.

तुमच्या प्रतिक्रियेला इतर तिघांनी ‘सहमत’ म्हटलं आहे. त्यातल्या एकांनी गेल्या वर्षी माझ्याकडूनच तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) नेल्या होत्या, हे नोंदवून ठेवतो. तक्रार आली नव्हती.

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची लिहाल तीही छापीन. फक्त पिल्लं कोणत्या जातीची, कोणत्या महिन्यात हलवली आणि रात्रीचा पारा किती होता, एवढं त्यात असू द्या. त्याशिवाय आलेल्याला उत्तर देणार नाही. पाऊस तोंडावर आहे आणि खुराड्याची अर्ध्या इंचाची जाळी अजून ठोकायची आहे.