न किडलेल्या दातातला पू

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग माहेरच्या आणि परवा मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर, तिन्हीकडे एकच मेसेज आला. मजकूर थोडक्यात असा: लहान मुलाच्या हिरडीवर पुवाची पुळी आली म्हणजे दात किडलाय, आईने गोड खायला घालून बिघडवलाय. दात कच्चे म्हणजे कॅल्शियम कमी. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून द्या आणि कोवळं ऊन दाखवा, दात दगडासारखे होतील. दुधाचे दात तसेही पडणारच, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

माझ्या मुलीला एक्सएलएच आहे. पूर्ण नाव एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटिमिया. साधारण 20 हजार जन्मांमागे एकाला होणारा हा आनुवंशिक आजार. यात मूत्रपिंडं फॉस्फेट, म्हणजे हाडं-दात घडवणारा क्षार, धरून ठेवत नाहीत, ते लघवीवाटे निघून जातं. त्यामुळे हाडं कच्ची राहून पाय वाकतात. वरच्या मेसेजातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य आम्ही कधी ना कधी ऐकलंय आणि त्यातल्या काहींवर विश्वास ठेवून वेळ घालवलाय. म्हणून हे सविस्तर लिहिते.

"पू आला म्हणजे कीड लागली"

बहुतेक मुलांच्या बाबतीत हे खरं आहे. साखर आणि रात्री तोंडात राहिलेली दुधाची बाटली दात खातात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना खालच्या पुढच्या दाताजवळ हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पिवळट पुळी आली, तेव्हा तो दात पांढरास्वच्छ होता. डाग नाही, भोक नाही, पडल्याझडल्याची खूण नाही. दोन दवाखान्यांत मला एकच प्रश्न विचारला गेला: "रात्री दूध पाजून झोपवता का?" तिसऱ्या ठिकाणी, लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर होत्या, त्यांनी एक्स-रे काढला. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही नसेची पोकळी बघा किती मोठी आहे. तिची टोकं पार इनॅमलला जाऊन भिडलीत." मग मान वर करून विचारलं, "घरात कुणाचे पाय वाकलेले आहेत का?"

नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याचे पाय गुडघ्यांपासून धनुष्यासारखे बाहेर वाकलेले आहेत. सासूबाईंचेही तसेच होते, आणि त्यांना तरुणपणीच कवळी लागली होती. "आमच्या घराण्यातच दात कच्चे," एवढंच सगळे म्हणायचे.

दाताच्या आत काय घडतं ते त्या दिवशी कळलं. इनॅमलच्या खाली डेंटिनचा जाड थर असतो, दाताचा बहुतेक भाग तोच. तो घडवणाऱ्या पेशी, ओडोंटोब्लास्ट, गाभ्याच्या, म्हणजे नसेच्या पोकळीच्या, कडेने एका रांगेत उभ्या असतात. त्या आधी प्रथिनांचा मऊ थर घालतात, मग त्यात खनिजाचे बारीक गोळे धरू लागतात, वाढतात आणि एकमेकांत मिसळून एकसंध होतात. एक्सएलएचमध्ये हे गोळे सुटेच राहतात. साबुदाण्याचं थालीपीठ थापताना दाणे नीट एकजीव झाले नाहीत तर उलथताना ते तुटतं, तसं हे डेंटिन. गोळ्यांच्या मधल्या जागा कच्च्या राहतात, चिरा गाभ्यापर्यंत जातात. वरचं इनॅमल जरा झिजलं किंवा केसाएवढी भेग पडली, की तोंडातले जंतू कीड न लागताच थेट नसेपर्यंत पोचतात. नस मरते, पू होतो. आई दात कितीही घासून देवो.

आणि हे नुसतं रक्तात फॉस्फेट कमी असल्यामुळे होत नाही. या आजारात बिघडतो तो फेक्स नावाचा जनुक, 1995 साली सापडलेला. तो हाडांच्या पेशींत काम करतो तसाच ओडोंटोब्लास्टमध्येही करतो. खनिज धरण्याला अटकाव करणारी काही प्रथिनं असतात, ऑस्टिओपॉन्टिन त्यातलंच एक. निरोगी दातात त्यांचे तुकडे करून ती बाजूला सारली जातात. फेक्स बंद पडला की ती तिथेच साठतात. पेशी आपलं काम करत असते, पण तिने घातलेला थर पक्का होत नाही.

"आईने बिघडवलं"

हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बापाला आजार असेल तर तो त्याच्या सगळ्या मुलींना जातो, मुलग्यांपैकी एकालाही नाही. आईला असेल तर मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला निम्मी शक्यता. काही मुलांत घरात कुणालाच नसताना बदल नव्यानेच होतो. यात माझा दोष नाही, माझ्या नवऱ्याचाही नाही. आणि तीन वर्षं मी चॉकलेटच्या एकेका तुकड्याचा हिशोब ठेवत होते, ते दिवस मला कुणी परत देणार नाही.

"कॅल्शियम कमी, चुना द्या"

दातातलं खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून बनतं, दहाला सहा या प्रमाणात. माझ्या मुलीच्या रक्तातलं कॅल्शियम तपासलं तेव्हा नॉर्मल होतं. कमी होतं ते फॉस्फरस (रिपोर्टवर फॉस्फेट याच नावाने येतं). चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, त्यात फॉस्फेट नाहीच. उलट कॅल्शियम पोटात फॉस्फेटला बांधून ठेवतं आणि ते अंगी लागू देत नाही. म्हणूनच तिचं फॉस्फेटचं औषध दुधाबरोबर द्यायचं नाही असं आम्हाला बजावलेलं आहे. ते दिवसातून चार-पाच वेळा, घड्याळ लावून द्यावं लागतं, कारण पोटात गेलेलं थोड्याच वेळात लघवीतून वाहून जातं. वरून कॅल्शियमचा मारा केला तर मूत्रपिंडात क्षार साचण्याची भीती. शिवाय चुना तोंड भाजवतो ते वेगळंच.

"ऊन दाखवा"

ड जीवनसत्त्व कमी पडून होणारा मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार, आपल्याकडे खूप आहे, आणि त्याला ऊन नि ड जीवनसत्त्व लागू पडतं. मात्र 1937 सालीच अमेरिकेतले डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी नेहमीच्या मात्रेला दाद न देणारा मुडदूस नोंदवला होता. एक्सएलएचमध्ये हाडांतून एफजीएफ-23 नावाचं संप्रेरक जास्त सुटतं. ते मूत्रपिंडाला फॉस्फेट सोडायला लावतं, आणि ड जीवनसत्त्वाचं कामाच्या रूपात रूपांतर करणंही मंदावतं. म्हणून तयार, सक्रिय रूपातलं औषध द्यावं लागतं. माझ्या नवऱ्याला लहानपणी ड जीवनसत्त्वाची सहा लाख युनिटची इंजेक्शनं पुन्हापुन्हा दिली गेली. पाय वाकायचे ते वाकलेच. त्याचं फॉस्फरस तेव्हा कुणी तपासलं नाही.

आणि तपासलं तरी एक गोम आहे. रिपोर्टवर छापलेली मर्यादा बरेचदा मोठ्या माणसांची असते, साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम (दर 100 मिलीला). लहान मुलांचं फॉस्फरस त्याहून जास्त असायला हवं. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं 2.8 आलं तर कागदावर ते नॉर्मल दिसतं, आणि प्रत्यक्षात ते कमी असतं. रिपोर्ट दाखवताना वयाप्रमाणे बघायला सांगा. अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातलं एन्झाइमही बघायला सांगा, एक्सएलएचमध्ये ते वाढलेलं असतं. ते फारच कमी असेल तर हायपोफॉस्फेटेशिया या दुसऱ्या आनुवंशिक आजाराची शंका येते. त्यात दुधाचा दात वेळेआधीच, मुळासकट, अख्खाच्या अख्खा हातात येतो, कारण मुळाला हाडाशी धरून ठेवणारा थर नीट तयार होत नाही. तो दात टाकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

"दुधाचे दात पडणारच"

पडतात. पण त्यातला पू खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला बाधतो, आणि दुखऱ्या तोंडाने मूल जेवत नाही.

मला यातलं सगळ्यात जास्त लागतं ते वेळेचं. पहिली कायमची दाढ जन्माच्या सुमारास घडायला लागते, पुढचे बहुतेक दात त्यानंतर तीन-चार महिन्यांनी. औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं या दातांचं डेंटिन बरं घडतं. झालेलं इनॅमल मात्र पुन्हा बनत नाही. 2018 पासून अमेरिकेत एफजीएफ-23 ला रोखणारं बुरोसुमॅब हे इंजेक्शनही मिळतं, मुलांना दोन आठवड्यांतून एकदा, पण ते फार महाग आहे. आमचं काम फॉस्फेट आणि सक्रिय ड जीवनसत्त्वावर चाललंय.

मुलगी आता सहा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिची पहिली कायमची दाढ हिरडीतून अर्धी वर आली. पूर्ण यायची वाट न बघता डॉक्टर बाईंनी त्याच दिवशी तिच्यावर सीलंटचा थर बसवला, म्हणजे झीज आणि भेग आधीच अडवली जाईल. एक्स-रेत नसेची पोकळी अजूनही मोठीच दिसते, पण टोकं दुधाच्या दातांएवढी वर गेलेली नाहीत. पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी.