सातबाऱ्यावर जिचं नाव नाही

धाकट्या भावाने मागच्या आठवड्यात एक व्हिडिओ पाठवला. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव, शिवजयंतीचं व्याख्यान, समोर तीस-पस्तिशीची बिनलग्नाची पोरं. वक्ते सांगत होते की पैसेवाला नवरा निवडायचं हे बाईच्या मेंदूतच भरलेलं आहे, लाखो वर्षांच्या उत्क्रांतीने ते घडवलं, विज्ञानाने सिद्ध केलं, म्हणून शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही. जोरात टाळ्या पडल्या. खाली भावाने लिहिलं होतं, ‘ताई, हे खरं हाय काय?’

तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. इथे जर्मनीत मुलीला शाळेतून आणताना, पफांडच्या, म्हणजे परत केल्यावर पैसे मिळतात त्या, बाटल्या मशीनमध्ये टाकताना, मनातल्या मनात मी त्या माणसाशी भांडते आहे.

त्यांनी आधार घेतला असणार तो डेव्हिड बस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. बस यांनी ३७ समाजांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांना जोडीदारात काय हवं ते विचारलं आणि १९८९ साली निष्कर्ष छापले. भारतही त्यात होता. जोडीदाराची कमाई बायकांना पुरुषांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, हे जवळपास सगळीकडे दिसलं. ते मी नाकारत नाही. पण बाई असो की पुरुष, दोघांच्याही यादीत वरच्या जागी होते माया, समजूतदारपणा, भरवशाचा स्वभाव. हे मंडपात कोणी सांगत नाही. दहा वर्षांनी ॲलिस ईगली आणि वेंडी वुड या मानसशास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. जिथे बायकांच्या हातात पैसा आणि अधिकार जास्त, तिथे कमाईबाबतचा हा फरक कमी निघाला. संपला नाही, कमी झाला. मेंदूत काही भरलेलं असेलच, तर ते समोरची परिस्थिती पाहून वागतं.

बाई पारखून निवडते, यामागचा उत्क्रांतीचा तर्क जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रायव्हर्स यांचा, १९७२ चा. पिलासाठी ज्याला जास्त झिजावं लागतं, तो जोडीदार पारखून घेतो. नऊ महिने पोटात, मग अंगावरचं दूध. माझ्या आईने यात आणखी वावर धरलं. मी बाळ असताना धुऱ्यावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधून ती निंदायला बसायची. दिवाळीनंतर कापूस वेचून वेचून, वाळल्या बोंडांच्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा फाटायच्या. रात्री भाकरीच्या पिठात गरम पाणी ओतलं की ती ओठ दाबून धरायची. मी चुलीपाशी बसून ते पाहत असायची. मला कोणत्या उत्क्रांतीने काय शिकवलं माहीत नाही, त्या ओठांनी शिकवलं.

ट्रायव्हर्स यांनी त्याच्या एक वर्ष आधी, १९७१ मध्ये, आणखी एक गोष्ट मांडली होती. नात्यातले नसलेले जीवही एकमेकांना मदत करतात, कारण आज दिलेलं उद्या परत येतं. मात्र फुकट घेणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे, नाहीतर सगळं मोडतं. ज्याच्या गोठ्यात एकच बैल, तो दुसऱ्या एकबैलवाल्याशी सावड करतो, आज तुझं वावर, उद्या माझं, हे बाबा मला लहानपणीच सांगायचे. इथे स्टुटगार्टमध्ये आमच्या दारावर केअरवोखेची, म्हणजे जिना झाडायच्या आठवड्याच्या पाळीची, पाटी येते तेव्हा मला तेच आठवतं. आपली पाळी चुकवणाऱ्याला इथली म्हातारी फ्राऊ जिन्यात बरोबर गाठते.

आता शेतकऱ्याच्या घरातलं लग्न सावडीच्या नजरेने पाहा. बाई निंदते, वेचते, सोयाबीन सोंगते, ढोरांचं पाहते, पोरं वाढवते. सातबाऱ्यावर नाव नाही, कापसाचा चुकारा तिच्या हातात येत नाही, कर्ज मात्र दोघांचं. एकाच घरचा बैल वर्षभर जुंपला तर त्याला कोणी सावड म्हणेल का? शिकलेल्या पोरीला हे दिसतं, म्हणून ती नाही म्हणते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला हे फार आधी कळलं होतं. लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावाने जमीन केली, त्यात याच विदर्भ-मराठवाड्यातली माणसंही होती. त्या मंडपात कोणी हे आठवून दिलं असतं तर टाळ्या कितीजणांनी वाजवल्या असत्या?

मी इथलं उदाहरण देते तेव्हा गावाकडचे चिडतात. देणारच. माझ्या नवऱ्याने दोन महिने एल्टर्नत्साइट, म्हणजे बाळासाठीची रजा घेतली, बाळाची गाडी ढकलत तो एकटा दवाखान्यात जायचा आणि कोणी वळून पाहिलं नाही. पण एक मी गावात कधी सांगितलं नाही. टांझानियातल्या हॅड्झा लोकांत आई तान्ह्यात गुंतली की आजी कंदमुळं खणून मोठ्या नातवंडांना पोसते, असं मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांनी दाखवलं. माणसाचं लेकरू एकट्या आईच्या हातून वाढायला घडलेलंच नाही. माझी आई व्हिसावर नव्वद दिवस आली आणि गेली. एक्क्याण्णवाव्या रात्री मुलगी तापाने फणफणली होती, नवरा म्युनिकला. शेजारचं दार वाजवायला हात उठला नाही. रूहेत्साइट, म्हणजे आवाज न करण्याची रात्रीची वेळ, सुरू झाली होती. गावात असते तर ओसरीवरून नुसती हाक मारली असती.

मी स्वतः शेतकऱ्याला नाही म्हटलेलं आहे. २०१० साली, आर्णीकडचं स्थळ, मुलगा चांगला होता, आठ एकर ओलिताचं वावर. आईच म्हणाली, ‘माह्या पोरीले वावरवाल्याच्या घरी नाही द्याची.’ वर्षभराने मी इथे आले. ते व्याख्यान मला इतकं का झोंबलं, याचं उत्तर यात आहे.

रविवारी भावाचा फोन आला. चौतीस वर्षांचा आहे, सहा एकर कोरडवाहू, अकरा ठिकाणांहून नकार. म्हणाला, तिकडच्या ओळखीत पाहा. मी हे सगळं त्याला ऐकवलं, बस, ट्रायव्हर्स, सावड. शेवटी विचारलं, ‘बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावशीन का?’

तो बराच वेळ बोलला नाही. बाबा गेले त्या वर्षी वारस म्हणून तिघांची नावं चढली होती. २००५ च्या कायद्याने माझाही हिस्सा होता. पीककर्ज काढायला त्याला सोपं जाईल म्हणून मी सुटीत आले तेव्हा मी आणि आई, दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आईला सही येते, तरी तिथल्या माणसाने अंगठाही घेतला. ती शाई तिने पदराला पुसली होती.

‘लावीन,’ भाऊ म्हणाला. ‘पण आईचं तं आपुनच काढलं न, ताई.’