हाताला चाळा, डोक्याला ताप

फिजेट स्पिनरची, म्हणजे चिमटीत धरून गरगर फिरवायच्या त्या खेळण्याची, साथ २०१७ साली जगभर पसरली, तेव्हा इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर कसंबसं वाचलं होतं. यंदा सुट्टीत पुण्याचा भाचा आला आणि जाताना आपला स्पिनर इथेच विसरून गेला. विसरला असं आपलं म्हणायचं. मला दाट संशय आहे की ताईनेच तो मुद्दाम ठेवला.

याने एकाग्रता वाढते म्हणे. वाढते ना, स्पिनरवरची! विजेचं बिल भरायला बसावं, तर ओटीपी येऊन बाद होतो आणि आपण तीन पाकळ्यांची एकच धूसर चकती कशी झाली ते बघत असतो. “अहो, गॅस बंद केलात का?” हा प्रश्न कानावर येतो, पण आत शिरत नाही.

बरं, चीज आहे खरी. मधलं बेअरिंग बहुधा स्केटबोर्डच्या चाकात असतं तेच : भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. आतले छर्रे घासत नाहीत, गडगडतात, म्हणून घर्षण नावापुरतं. वजन मुद्दाम पाकळ्यांच्या टोकांना ठेवलेलं. वजन मध्यापासून दुप्पट लांब नेलं की फिरत राहायचा हट्ट चौपट होतो. भर वेगात असताना मनगट तिरकं करून बघा, पठ्ठ्या वाकायला सरळ नकार देतो. नासाच्या अंतराळवीरांनी तर तो अवकाश स्थानकात फिरवून पाहिला. तिथे स्पिनर हातात धरून तरंगलं की तो मंदावतो तसा धरणारा माणूसच फिरायला लागतो. आमच्याकडे गुरुत्वाकर्षण शाबूत असूनही माणसं फिरली आहेत, ती गोष्ट वेगळी.

तर एके दिवशी आईला त्याची कुरकुर ऐकवेना. “मेलं करकरतंय किती!” म्हणत तिने फोडणीच्या पळीतून त्यात शेंगदाण्याचं तेल सोडलं. कुरकुर थांबली, स्पिनरही थांबला. घट्ट तेलातून छर्‍यांना वाट काढायची म्हणजे वेग गेलाच. वर त्या तेलाने कणकेचं पीठ धरलं.

घरात सुतकी वातावरण. शेवटी मी सियागंजात एका बेअरिंगवाल्याकडे गेलो. त्याने वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “भिया, इसमें पोहे बनाने थे क्या?”

पण हात कसबी होता. टाचणीने बेअरिंगची पातळ चकती उचकटली, वाटीभर पेट्रोलमध्ये बुडवून खळखळवलं. काळपट-पिवळा गाळ तळाशी बसला. मग फुंकून कोरडं केलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला, चकती दाबून बसवली आणि बोटावर घेऊन टिचकी मारली.

आवाज नाही, थरथर नाही. पंपाचं बेअरिंग घ्यायला आलेला एक जण वाकला. त्याच्यामागचाही वाकला. फोन वाजला तो कुणी उचलला नाही. मला मात्र घाम फुटला, कारण २०१७ सालीच जपानमध्ये एका बेअरिंग कंपनीने एका बोटावर तब्बल २४ मिनिटांहून जास्त वेळ स्पिनर फिरवल्याचं वाचलेलं आठवलं.

“कितने हुए?” मी पाकीट काढलं.

“रुको भिया,” बोटावरची नजर न हलवता तो म्हणाला, “अभी घूम रिया है.”