केमिकल नको, म्हणून बिनलेबलाची डबी?

‘तुमच्या शॅम्पूत कॅन्सर आहे!’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. आमच्याकडे तो माहेरच्या, सासरच्या आणि सोसायटीच्या अशा तिन्ही ग्रुपवर आला. कुणीतरी टाकतं, त्याखाली चार अंगठे आणि नमस्कार येतात आणि आठवड्याने तोच मेसेज पुन्हा हजर. मी काही बोलत नव्हते. पण परवा मावशीने तो वाचून शॅम्पू, मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेलं सनस्क्रीन कचऱ्यात टाकलं आणि ओळखीच्या पार्लरवालीकडून ‘घरगुती, केमिकल-फ्री’ उजळपणाची क्रीम आणली. पांढरी डबी, झाकणावर गुलाब. बाकी त्यावर एक अक्षर नाही. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ट्यूबच्या टोकाची चौकोनी पट्टी हिरवी असेल तर माल नैसर्गिक, काळी असेल तर निव्वळ केमिकल. जे नाव वाचता येत नाही ते अंगाला लावू नका. शॅम्पूला फेस आणणाऱ्या एसएलएसने कॅन्सर होतो. पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हने, म्हणजे माल टिकवणाऱ्या रसायनाने, स्तनांचा कॅन्सर होतो. तेव्हा हे सगळं फेका, चेहऱ्याला लिंबू आणि खायचा सोडा लावा, केसांना काळी मेंदी लावा आणि क्रीम घ्यायचीच तर ओळखीच्या माणसाकडून ‘घरगुती’ घ्या.

पट्टीचं आधी उरकते. ती पॅकिंगच्या यंत्रासाठी असते. सेन्सरला खूण दिसली की ट्यूब कुठे कापायची आणि कुठे बंद करायची ते यंत्राला कळतं. बाकीच्या छपाईवर जो रंग उठून दिसेल तो वापरतात. आत काय भरलंय याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

वाचता न येणारी नावं म्हणजे विष, हेही तसंच. टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, नायसिनामाइड म्हणजे बी-३, आणि कोकोस न्युसिफेरा म्हणजे आपला नारळ. उलट पारा हा शब्द पहिलीतलं पोरही वाचेल.

यादी वाचायची तर ती क्रमाने वाचा. आपल्याकडच्या नियमांनुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह जास्तीत जास्त १ टक्का घालता येतं, म्हणून यादीत ते दिसलं की त्याच्यानंतर लिहिलेलं सगळं १ टक्का किंवा त्याच्या आतलं समजा. आता कांद्याचा शॅम्पू म्हणून दुप्पट किमतीला विकली जाणारी बाटली उलटी करून बघा. कांद्याचा अर्क बहुतेकदा सुगंधाच्या शेजारी, शेपटाला सापडतो. वरचे पाच-सहा घटक साध्या शॅम्पूतलेच असतील, तर जादा पैसे चित्रातल्या कांद्याचे गेले. मेसेजने हे सांगितलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. त्याने कॅन्सर होतो ही अफवा १९९०च्या दशकाअखेरीस ईमेलमधून फिरत होती. व्हॉट्सअ‍ॅपने तिला नवं अंगडं-टोपडं घातलं एवढंच. कर्करोगकारक पदार्थांची जी आंतरराष्ट्रीय यादी आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था ठेवते तिच्यात एसएलएस नाही. मात्र ते त्वचेला झोंबतं, हे खरं. इतकं की त्वचेच्या दाहाच्या प्रयोगांत मुद्दाम दाह आणायला तेच वापरतात. डोक्याची त्वचा कोरडी असेल, एक्झिमा असेल, तर सौम्य शॅम्पू घ्यावा. त्याचा भाऊ एसएलईएस थोडा सौम्य, पण तो बनवताना १,४-डायॉक्सेन अंशमात्र मागे राहू शकतं, आणि ते त्या यादीत ‘कॅन्सरची शक्यता’ या गटात आहे. हा अर्धा मुद्दा द्यावा लागतो, देते. पण मेसेजमध्ये डायॉक्सेनचं नावसुद्धा नाही.

पॅराबेनची भीती २००४च्या एका ब्रिटिश अभ्यासातून आली. स्तनांच्या २० गाठींत पॅराबेन सापडलं. शेजारच्या निरोगी पेशींत ते आहे का, हे मात्र त्यात तपासलं नव्हतं, त्यामुळे गाठ पॅराबेनमुळे झाली असं त्यावरून म्हणता येत नाही. युरोपने २०१४मध्ये पाच पॅराबेनांवर बंदी घातली, तीही खरी. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन तिथे आजही मर्यादेत चालतात. ‘पॅराबेन-फ्री’ म्हणवून घेण्यासाठी कंपन्यांनी जे मिथाइलआयसोथायझोलिनोन हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घातलं, त्याने इतक्या लोकांना अ‍ॅलर्जी झाली की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३मध्ये त्यालाच वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक ठरवलं. २०१९मध्ये त्याच सोसायटीने पॅराबेनला वर्षाचा ‘बिनअ‍ॅलर्जीकारक’ म्हटलं.

पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त: लिंबाचा दोनच्या आसपास, त्वचेचा पाचच्या आसपास, आणि सोड्याचा थेट आठच्या वर. चेहऱ्याला एकदा इकडून आणि एकदा तिकडून भाजायची ही पद्धत. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात, म्हणजे गोरं व्हायला गेलं आणि झालं भलतंच. काळ्या मेंदीचं तर विचारूच नका. मेंदीचा रंग तांबूस. तिला काळं करतं ते बहुतेकदा पीपीडी, म्हणजे हेअर डायमधलंच रसायन. फरक इतकाच की डायच्या खोक्यावर आधी थोडं लावून तपासा आणि भुवया-पापण्यांना लावू नका, असा इशारा छापावा लागतो. ‘हर्बल’ म्हणून सुट्या विकल्या जाणाऱ्या पुडीवर तो असेलच असं नाही.

आता ती डबी. अशा क्रीमने आठ-दहा दिवसांत चेहरा उजळला तर कौतुक करू नका, आत पारा असल्याचा संशय घ्या. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून फरक झटकन दिसतो. क्रीम थांबवली की रंग परततो, म्हणून बाई पुन्हा डबी आणते. पारा त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी २०२४मध्ये ‘किडनी इंटरनॅशनल’मध्ये नोंदवलेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेंब्रेनस नेफ्रोपथीचे २२ रुग्ण आले. या आजारात मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडून लघवीतून प्रथिनं जातात. त्यातल्या १५ जणांना नेल-१ हा एरवी क्वचित दिसणारा प्रकार होता, आणि त्या १५पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. केरळ लांब वाटत असेल तर अकोला घ्या. एकाच घरातल्या आई आणि दोन मुली मूत्रपिंडाच्या आजाराने त्रासल्या, तिघी पार्लरमधून आणलेली एकच क्रीम लावत होत्या, आणि त्यात पारा निघाला, हे २०२३मध्ये पेपरांत आलं होतं.

आपल्याकडच्या नियमांत क्रीममध्ये नकळत येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकीच आहे. पण नियम लावायचा कुणाला? डबीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, तारीख नाही. ज्या शॅम्पूवर चाळीस घटकांची यादी छापलेली आहे तो हा मेसेज फेकायला लावतो, आणि ज्या डबीवर काहीच छापलेलं नाही ती हातात देतो.

मावशीची क्रीम बंद करायला लावली आहे. पाऱ्याची क्रीम लावणाऱ्या बाईच्या उशीला-टॉवेलला आणि कडेवरच्या पोरालाही तो लागतो, म्हणून अभ्रे धुवायला टाकले आणि नातीला दोन दिवस तिच्याजवळ झोपवलं नाही. सोमवारी लघवीतल्या प्रथिनांची तपासणी आहे. लघवीला फेस येतो का, सकाळी डोळ्यांखाली किंवा घोट्यांवर सूज दिसते का, हे डॉक्टर विचारतील. तुमच्याही घरात अशी डबी निघाली तर ती फेकू नका. पिशवीत घट्ट बांधून डॉक्टरांना दाखवायला न्या; तपासायला द्यायची तर त्यांच्याकडे दुसरं काही नसतं.