पहिल्या जागेवरचे एक्के दडवायचे कशाला?

आमच्या शनिवारच्या पोकर ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय. थोडक्यात असं: टुर्नामेंटमध्ये बिग ब्लाइंडच्या (पानं बघण्याआधीच सक्तीची मोठी रक्कम लावणाऱ्याच्या) लगेच डावीकडे, म्हणजे सगळ्यांत आधी बोलायच्या जागेवर, एक्के, राजे, राण्या किंवा एक्का-राजा आला तर रेझ करू नका, म्हणजे रक्कम वाढवू नका, नुसता कॉल करा, म्हणजे आहे तेवढीच भरा. रेझ केलं की सगळे पळतात. गप्प राहिलात तर जास्त लोक येतात, पॉट (मधला चिप्सचा ढीग) फुगतो. मागून कुणी रेझ केलं की त्याला धरायचं. वर धोकाही कमी. शेवटी शेपूट: एक्का-राणी आणि राजा-गुलामही असेच खेळा.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या नऊ जणांपैकी निदान चौघांनी हे मनावर घेतलंय. (पैसे लावत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला जुगार ठरवलंय, त्यामुळे आमच्या चिप्स प्लास्टिकच्या, डीलरचं बटण म्हणजे कॅरमचा स्ट्रायकर, आणि जिंकणाऱ्याला आठवडाभर मिरवायला मिळतं, बस.)

सगळे पळतात, हे किती रेझ करता त्यावर आहे. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा, ५००-१०००, शिवाय बिग ब्लाइंडने सगळ्यांच्या वतीने भरायची जादा रक्कम, अँटी, १०००. पॉटात आधीच २५०० पडलेत. तुम्ही २२०० केलेत तर बिग ब्लाइंडला आणखी १२०० घालून ४७०० साठी लढता येतं. पाचांतून एकदा जिंकला तरी त्याचं भागतं, तो कशाला पळेल? पळतात ते घाबरून ५००० करणाऱ्यासमोरून. आणि समजा, पळालेच सगळे. तुमच्याकडे ४०,००० असतील तर २५०० म्हणजे त्याचा सोळावा हिस्सा, तोही पान न उघडता. यात रडण्यासारखं काय आहे?

जास्त लोक, मोठा पॉट, यात मात्र अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच हे फॉरवर्ड पटतं. एका कुठल्याही हातासमोर एक्क्यांची जोडी शंभरात साधारण ८५ वेळा जिंकते. समोर चार जण असले की ५६ वेळा. आता पाचही जणांनी पहिल्याच फेरीत सगळ्या चिप्स आत ढकलल्या असत्या, तर पाचपटीचे ५६ टक्के हे दुपटीच्या ८५ टक्क्यांपेक्षा भारीच. पण कॉल-कॉल करत आलेले लोक सगळं आत घालत नाहीत. ते हजार घालून फ्लॉप, म्हणजे मधे उघडणारी पहिली तीन पानं, बघतात, नाही जमलं तर जातात, जमलं तर तुमचं सगळं घेतात. गेल्या शनिवारी अगदी हेच झालं. माझ्या शेजारच्याकडे दोन लाल एक्के, पहिली जागा, जवळ ४०,०००. तो हजार टाकून साळसूदपणे पंख्याकडे बघत बसला. मागून दोघं आले, स्मॉल ब्लाइंडने उरलेले ५०० भरले, बिग ब्लाइंडने टेबल ठोकलं, म्हणजे काही न वाढवता फुकटात पुढे गेला. पॉट अवघा ६०००. फ्लॉप: राणी, नव्वी, चव्वी. बिग ब्लाइंडकडे वेगवेगळ्या रंगांची नव्वी-चव्वी, म्हणजे दोन जोड्या! २२०० चं रेझ असतं तर त्या पानांकडे त्याने पुन्हा पाहिलंही नसतं. दहा मिनिटांत आमचा पंखेवाला खुर्ची मागे सरकवून चहा टाकायला गेला.

माझ्या मते ही खोड तीन पत्तीची आहे. श्रावणात सातम-आठमला, जन्माष्टमीच्या सुमारास, इथे घरोघरी पत्ते निघतात आणि ट्रेल (तीन सारखी पानं) आलेला माणूस तोंड शिवून चाल देत बसतो. तिथे ते बरोबरच. हातात तीन पानं पडली की डाव ठरला, ट्रेल नंतर बिघडत नाही. होल्डेममध्ये, म्हणजे आम्ही खेळतो त्या पोकरमध्ये, मात्र सगळ्यांसाठीची पाच पानं मधे अजून यायची असतात, आणि त्यातलं प्रत्येक पान तुमच्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचं असू शकतं.

राहिला मागच्याचा रेझ. आला तर उत्तमच, पण तुमच्यामागे आठही जण नुसते कॉल करणारे असले तर सापळ्यात तुम्हीच. शिवाय पहिल्या जागेवरून एरवी रेझ करणारा माणूस फक्त मोठ्या जोडीला गप्प कॉल करू लागला, की दोन शनिवारांत सगळ्यांना कळतं. खेळायचा तो प्रत्येक हात तितक्याच रेझने उघडलात, तर एक्के आपोआप झाकले जातात.

धोका कमी? राजे हातात असताना मागच्या आठांत कुणाकडे एक्के असण्याची शक्यता साधारण ४ टक्के. त्या भीतीने उरलेले ९६ डाव फुकटात दाखवायचे? एक्का-राजाची तर गोष्टच वेगळी. फ्लॉपवर जोडी लागते साधारण तीनांतून एकदा. रेझ केलं असेल तर न लागताही पॉट मिळू शकतो, पाच जणांत नाही.

शेपटाबद्दल एवढंच: राजा-गुलाम दिसायला देखणा. पण मागे आठ जण बोलायचे आहेत, आणि जोरात उत्तर देणाऱ्याकडे बहुतेक एक्का-राजा, राजा-राणी किंवा मोठी जोडी निघते. वेगळ्या रंगांचा असेल तर मी पहिल्या जागेवरून टाकून देतो. एक्का-राणी खेळतो, पण रेझने.

गप्प कॉल मीही करेन, एकाच वेळी: माझ्याकडे दहा-बारा बिग ब्लाइंडांइतक्याच चिप्स उरल्यात आणि मागे असा कुणी बसलाय जो कॉल दिसला की बहुतेक वेळा डोळे मिटून सगळं आत ढकलतो. आमच्यात असा एकच आहे. गेल्या शनिवारी नव्वी-चव्वी घेऊन बसला होता तोच.