आधी भाकर
देव माणसाची तरतूद कशी करतो, यावरच्या तुमच्या लेखात बायबलच्या स्तोत्र २३ मधलं वाढलेलं ताट आलं, बरं वाटलं. पण संदेष्टा एलीया राहिला की! करीथ ओहळापाशी कावळे त्याला भाकर-मांस आणायचे. ओहळ आटल्यावर देवाने पाठवलं कुठे, तर सीदोनातल्या सारफथला, एका परक्या विधवेच्या दारी. तिच्याकडे मूठभर पीठ, थोडं तेल. तेवढं खाऊन मायलेक मरणार होते. (‘आधी माझ्यासाठी भाकर कर’ म्हणणारा पाहुणाही धीटच!) तिने ती केली, आणि पीठ-तेल सरलंच नाही. पाहुणचार तिचा की देवाचा, मला अजून वेगळं करता आलेलं नाही. पुढे बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर, पाणी, झोप; पुन्हा भाकर. मग होरेब डोंगरापर्यंत ४० दिवसांची चाल.